तुपातला रवा आणि हिंगण्यातलं ॲल्युमिनियम

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत मी क्वालिटीला होते, तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाला ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट हवा होता, पण नेहमीपेक्षा मजबूत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात हीट ट्रीटमेंटची, म्हणजे मजबुतीसाठी माल तापवून गार करण्याची, ओळ होती. आमचं काम प्रेशर डाय कास्टिंगचं, म्हणजे पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबानं धातू भरण्याचं. ब्रॅकेट डायमधून निघाले तेव्हा इतके देखणे होते की मी दोन-चार जणांना बोलावून दाखवले. मग ते ५४० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवले, पाण्यात बुडवले, बाहेर काढले, तर अंगभर फोड. काही मुगाएवढे, काही बोटाच्या पेराएवढे. भट्टीवरच्या काकांनी एक ब्रॅकेट सांडशीत धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे तर आतून फुगून राहिलं ना."

लॉट गेला. चूक कोणाची यावर दोन दिवस मीटिंगा झाल्या. खरं तर ड्रॉइंग बघून 'जमेल' म्हणणाऱ्या सगळ्यांची होती, आणि त्या कागदावर माझीही सही होती.

फुगवणारी चीज म्हणजे साधी हवा. ती आत शिरते कशी ते आधी सांगते, कारण या लेखाचा खरा विषय तिथूनच सुरू होतो.

प्रेशर डाय कास्टिंगमध्ये वितळलेला धातू शॉट स्लीव्ह नावाच्या नळकांड्यात ओततात आणि मागून प्लंजर तो डायमध्ये ढकलतो. ढकलतो हा शब्द फार सौम्य झाला. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. डायच्या अरुंद तोंडातून, म्हणजे गेटमधून, धातू सेकंदाला साधारण ३० ते ६० मीटर वेगानं शिरतो. ४० मीटर धरले तरी ताशी १४४ किलोमीटर झाले. एवढी घाई करावी लागते, कारण धातूच्या मानानं डाय थंडच असते आणि कोपरे भरायच्या आत धातू गोठला तर माल अर्धवट निघतो. पण नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाण्याचं जे होतं तेच इथे धातूचं होतं. तो फवाऱ्यासारखा उडतो आणि डायमधली हवा पोटात घेतो. वरून प्रचंड दाब पडतो, त्यामुळे ही हवा चिमुकल्या पोकळ्यांत कोंबली जाते. बाहेरून काही दिसत नाही. पुढे भट्टीत धातू मऊ पडला की कोंडलेली हवा हातपाय पसरते आणि पातळ कातडीखाली फोड येतो. म्हणूनच साध्या डाय कास्टिंगचा माल सहसा अशा हीट ट्रीटमेंटला देत नाहीत. व्हॅक्यूम लावून आधीच हवा ओढून घेण्याची पद्धत आहे, पण तो वेगळा विषय आणि वेगळा खर्च.

दुसरीही एक अडचण असते. ॲल्युमिनियम पातळाचं घट्ट होताना आकारमानानं सुमारे ६ टक्के आक्रसतं. जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो, त्याला भर घालायला तोवर पातळ धातू उरलेला नसतो, आणि तिथे आत खड्डा राहतो.

आता एक साधा विचार करून बघा. ताटलीत पाणी फेकलं तर उडतं, पिठलं ओतलं तर शहाण्यासारखं पसरतं. मग धातू पाण्यासारखा पातळ कशाला हवा? पिठल्यासारखा घट्टसर करून हळू ढकलला तर तो हवेला पुढे रेटत जाईल, गिळणार नाही. शिवाय निम्मा धातू आधीच गोठलेला असला तर आक्रसणंही तेवढं आधीच उरकलेलं असेल.

विचार बरोबर आहे, पण धातू नुसता थंड करून हे जमत नाही. निवांत गार होऊ दिलेलं ॲल्युमिनियम निम्मं गोठायच्या कितीतरी आधीच अडून बसतं. का, ते मला वाचून कळलं होतं. पटलं मात्र एका फोटोमुळे.

एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून मला दोन तुकड्यांचे मायक्रोस्कोपखालचे फोटो मिळाले होते. दोन्ही तुकडे एकाच जातीच्या ॲल्युमिनियमचे. पहिल्यात पांढऱ्या फांद्याच फांद्या, जणू पानं गळालेलं जंगल. दुसऱ्यात पांढरे गोलसर ठिपके, एकमेकांपासून जरा अंतर राखून बसलेले, मधल्या फटींत करडा रंग. दुसरा फोटो मी काकांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "यात तर रवा पडला."

नागपूरच्या थंडीत घरच्या तुपाची बरणी उघडली की हेच दिसतं. तूप पूर्ण गोठलेलं नसतं आणि पातळही नसतं. आत कण्या असतात आणि कण्यांच्या मधून पातळ तूप. चमच्यानं उचललं तर ढीग धरून राहतं, चमचा दोनदा फिरवला की सैल होऊन वाहतं. ते रवाळ का लागतं, तर घट्ट झालेला भाग गोल कण्यांच्या रूपानं पातळात तरंगत असतो म्हणून. (उपमा इथेच सोडते. तुपात रवा पडायला ते सावकाश थिजावं लागतं. धातूत याच्या नेमकं उलट, तिथे शांतता हाच शत्रू.)

पहिल्या फोटोतल्या फांद्यांना धातुशास्त्रात डेंड्राइट म्हणतात, झाडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. त्या उगवतात त्या अशा. आपण वापरतो ते ओतकामाचं ॲल्युमिनियम निर्भेळ नसतं, त्यात सिलिकॉन असतो. पहिला स्फटिक गोठतो तो जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा, आणि नकोसा सिलिकॉन तो आजूबाजूच्या पातळात लोटून देतो. त्यामुळे स्फटिकाभोवती सिलिकॉनने भरलेला एक पट्टा तयार होतो आणि तिथे गोठणं अवघड होतं. अशात स्फटिकाच्या अंगावरचा एखादा फणगा जरा पुढे सरकला, तर त्याला ताजा, कमी सिलिकॉनचा पातळ धातू मिळतो. मग तो आणखी जोरात वाढतो, त्याला बाजूनं फणगे फुटतात, त्या फणग्यांना आणखी. जो पुढे गेला त्याचंच फावतं.

आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर बाभळीच्या फांद्या रचून कुंपण करतात. त्या ढिगात लाकूड असतं किती? बहुतेक जागा मोकळीच असते. तरी एक फांदी ओढून बघा, अख्खा ढीग सोबत येतो. धातूचंही तसंच. जेमतेम पाचवा हिस्सा गोठला, बाकी चार हिस्से पातळ असले, तरी फांद्या एकमेकींत अडकायला लागतात. याउलट ज्वारीचं पोतं. ज्वारीचा दाणा न् दाणा टणक, तरी पोतं तिरपं केलं की ज्वारी धो धो वाहते. किती धातू घट्ट झालाय यापेक्षा तो कोणत्या आकारात घट्ट झालाय, याच्यावर त्याचं वाहणं ठरतं. अर्धघन ओतकाम, म्हणजे सेमीसॉलिड कास्टिंग, ही सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

ही गोष्ट सापडली मात्र दुसरंच काही शोधताना. १९७१च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये डेव्हिड स्पेन्सर हा विद्यार्थी मर्टन फ्लेमिंग्ज यांच्या हाताखाली पीएचडी करत होता. ओतलेला धातू गोठता गोठता कधी कधी फाटतो. त्याला 'हॉट टेअरिंग' म्हणतात. अर्धवट गोठलेला धातू किती जोर लावल्यावर हलतो हे त्याला मोजायचं होतं. धातू म्हणून त्यानं कथील आणि १५ टक्के शिसं यांचं मिश्रण घेतलं, कारण ते कमी तापमानाला वितळतं आणि हाताळायला सोपं. एकात एक बसवलेली दोन नळकांडी, मधल्या फटीत धातू, एक नळकांडं फिरवायचं आणि किती जोर लागतो ते बघायचं, असं उपकरण होतं. धातू आधी गोठू देऊन मग नळकांडं फिरवलं, तेव्हा अपेक्षेप्रमाणे तो लवकरच अडला. मग त्यानं क्रम बदलला. धातू पूर्ण पातळ असल्यापासूनच नळकांडं फिरतं ठेवलं आणि फिरतं असतानाच गार होऊ दिलं. ४० टक्के धातू गोठला तरी तो वंगणाच्या जाड तेलासारखा वाहत होता. न ढवळता गोठवलेल्या धातूच्या मानानं जोर शेकडो पटींनी कमी लागत होता. ढवळण्यामुळे फांद्या मोडत होत्या, कडा झिजत होत्या, आणि झाडांऐवजी रवे तयार होत होते. १९७२ साली हे छापून आलं.

अशा रवाळ धातूचा आणखी एक गुण असतो, त्याला थिक्सोट्रॉपी म्हणतात. नाव अवघड, पण वस्तू ओळखीची आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल स्थिर असला की घट्ट. पायानं तुडवत राहिलं की सैल. सोडून दिला की थोड्या वेळानं पुन्हा घट्ट. धातूत निवांत असताना रवे एकमेकांना चिकटतात आणि त्यांची साखळी धरते. ढवळलं, ढकललं की साखळ्या तुटतात. त्यामुळे निम्मं गोठलेलं, सहाशे अंशांच्या आतबाहेर तापलेलं ॲल्युमिनियम दंडगोलासारखं स्वतःच्या पायावर उभं राहतं, उचलून दुसरीकडे ठेवता येतं, आणि तरी सुरीनं लोण्यासारखं कापता येतं. हे पहिल्यांदा पाहिल्यावर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

उद्योगानं आधी याच गुणाचा फायदा घेतला. ओतताना विद्युतचुंबकांनी धातू ढवळून रवाळ दंडगोल तयार करायचे, पूर्ण गार करायचे, तोडून गिऱ्हाइकाला विकायचे. त्यानं ते तुकडे पुन्हा निम्मे वितळतील एवढेच तापवायचे आणि डायमध्ये दाबायचे. ही थिक्सोकास्टिंग. १९९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत गाड्यांचे ब्रेक सिलिंडर, इंधनाच्या नळ्या असे गळती मुळीच न चालणारे भाग असे बनले. माल उत्तम निघायचा. पण हिशेब जुळेना. खास दंडगोल महाग. आणि डाय कास्टिंगमध्ये दर शॉटला रनर आणि बिस्किट, म्हणजे धातू जिथून आत गेला तिथला फालतू उरलेला भाग, परत भट्टीत जातो. इथे तो वितळवला की रवा गेला, उरलं साधं ॲल्युमिनियम. भंगार घरच्या घरी वापरता येत नाही म्हटल्यावर कोणत्याही कारखानदाराच्या कपाळाला आठ्या पडतील. हिंगण्यातल्याच्या तर आधी पडतील.

मग गाडी उलटी वळली. दंडगोल कशाला, साध्या भट्टीतला पातळ धातू लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, घ्या, तिथल्या तिथे रवा पाडा आणि लगेच मशीनमध्ये ओता. ही रिओकास्टिंग. यात मधल्या काळात लोकांना एक महत्त्वाची गोष्ट कळली होती, ती म्हणजे धातू तासन् तास घोटत बसण्याची गरजच नाही. गोठायला सुरुवात होते त्या क्षणाच्या आसपास एकाच वेळी लाखो बीजं पडली, तर कोणालाच फांद्या फोडायला जागा मिळत नाही आणि सगळे रवे गोलच राहतात. म्हणजे युक्ती सगळी पहिल्या काही सेकंदांची. एमआयटीच्याच लोकांनी थंड ग्राफाइटची सळई फिरवत धातूत बुडवली आणि काढली. थायलंडमध्ये सच्छिद्र ग्राफाइटमधून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडले. कोणी तिरप्या थंड पाटावरून धातू ओघळू दिला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युतचुंबकी ढवळण्यावर काम झालं आहे.

मला यातली सगळ्यात आवडती पद्धत स्वीडनची, रिओमेटल नावाची. आंघोळीचं पाणी फार कढत झालं की आपण विसण घालतो. तशी ही धातूची विसण. सळईच्या टोकाला त्याच ॲल्युमिनियमचा गोळा आधीच ओतून गोठवून ठेवलेला असतो. ती सळई लेडलमधल्या कढत धातूत बुडवून गरगरा फिरवायची. गोळा वितळताना उष्णता शोषून घेतो, विरघळता विरघळता बीजं सोडतो, फिरण्यानं ती सगळीकडे पसरतात, आणि काही सेकंदांत लेडलमध्ये पिठलं तयार. तापमापक नियंत्रणाचा डोलारा बराचसा टळतो, कारण किती उष्णता काढायची ते गोळ्याच्या वजनानं आधीच ठरलेलं असतं. मोबाईल टॉवरवरच्या रेडिओ यंत्रांच्या पेट्या, ज्यांना उष्णता बाहेर टाकायला पातळ उंच पाती असतात, त्या या पद्धतीनं बनतात.

आता मुळावर घाव घालणारा प्रश्न. हे इतकं छान आहे तर सगळे का करत नाहीत?

धातूची खिडकी हे त्याचं उत्तर. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ६६०लाच गोठतं. अध्येमध्ये थांबायला जागा नाही. मिश्रधातूला मात्र एक पट्टा असतो. या कामात सगळ्यात जास्त वापरला जातो तो ए३५६, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. तो सुमारे ६१५ अंशांना गोठायला लागतो. त्याखालच्या पहिल्या दहाएक अंशांतच पाचवा हिस्सा गोठतो. ५९०च्या आसपास पाचातले दोन हिस्से घट्ट होतात. ५७७ला निम्मा घट्ट झालेला असतो, आणि त्याच तापमानाला उरलेला पातळ भाग जवळपास एकदमच गोठतो. म्हणजे काम करायला मिळतात ते जेमतेम पस्तीस-चाळीस अंश, आणि त्यातही दर अंशाला घट्टपणा बदलतो. ५९०ऐवजी ५९५ झालं की घट्ट भाग पाच टक्क्यांनी कमी. मशीन तेच, डाय तीच, पण माल वेगळा.

हिंगणा, बुटीबोरीसारख्या ठिकाणी आणि देशात बहुतेक सगळीकडे डाय कास्टिंगला चालतं ते एडीसी-१२. त्यात सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के असतो. बारा-साडेबारा टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची जोडी एकाच तापमानाला गोठते, आणि एडीसी-१२ त्या टोकाच्या अगदी जवळ बसतं. खिडकीची फट उरते. त्यात रवा पाडायचा म्हणजे काही अंशांत खेळ आटपायचा. नेहमीच्या कामाला हे मिश्रण सोयीचं आहे, भंगारातूनही बनतं, स्वस्त पडतं. त्यामुळे रवाळ कामाकडे जायचं तर आधी धातू बदलावा लागतो, मग डायचे गेट जाड करावे लागतात, मग प्लंजरचा वेग बसवावा लागतो. माझ्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा लोक या साखळीला घाबरतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही.

फायद्याची एक बाजू मात्र आपल्याकडे कोणी मोजत नाही, ती डायच्या आयुष्याची. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. एक किलो ॲल्युमिनियम गोठताना सुमारे ३९० किलोज्यूल बाहेर पडतात, आणि ते सगळे दर शॉटला डायच्या पोलादाला सोसावे लागतात. मग वरून फवारा मारून ती गार करायची. गरम-गार, गरम-गार करत डायवर बारीक भेगांची जाळी पडते आणि ती मालावर उमटते. धातू निम्मा गोठूनच आत आला तर हा मार बराच कमी होतो.

मॅग्नेशियमची गोष्ट थोडी वेगळी. ते ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं, घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७, लोखंडाची ७.८च्या वर. पण पातळ मॅग्नेशियम हवेत पेट घेतं. म्हणून भट्टीवर संरक्षक वायू सोडतात, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून वरचढ आहे. अमेरिकेत डाऊ केमिकलनं यावर थिक्सोमोल्डिंग काढलं, आणि त्यात उघडी भट्टीच ठेवली नाही. मॅग्नेशियमचे बारीक तुकडे प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनसारख्या तापलेल्या नळकांड्यात घालायचे, आत आर्गॉन हा निष्क्रिय वायू, आणि मळसूत्रासारखा स्क्रू ते पुढे ढकलता ढकलता घोटतो. तापवणं, ढवळणं, दाबणं सगळं एकाच नळकांड्यात. लॅपटॉपचे आणि कॅमेऱ्यांचे सांगाडे असे बनतात. ज्यानं बादल्या-मग बनवणारं मशीन पाहिलंय त्याला हे समजायला पाच मिनिटं पुरतील.

नागपुरात यासाठी जमीन नाही असं नाही. वाडीला अमरावती रोडवर ॲल्युमिनियमवरच संशोधन करणारं जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं केंद्र १९८९पासून आहे, व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे, आणि एमआयडीसीत हात काळे केलेली माणसं आहेत. काकांसारखा माणूस लेडल हलवून धातूची घट्टाई सांगतो. ते मला कधी जमलं नाही.

पण शेवटी गाडी अडते ती मोजण्यावर. भट्ट्यांवर तापमान मोजायला सर्रास वापरतात त्या के-टाइप थर्मोकपलला ६०० अंशांवर साडेचार अंशांपर्यंतची चूक नियमानंच माफ असते. वर सांगितलेला पाच टक्क्यांचा फरक साधारण तेवढ्यातच पडतो. म्हणजे खिडकी आणि तिच्यातून बघायचा चष्मा, दोघांची जाडी जवळपास सारखी. हे कळल्यावर मी आमच्या भट्टीच्या थर्मोकपलची कॅलिब्रेशनची, म्हणजे तो बरोबर दाखवतो का हे तपासल्याच्या नोंदींची, वही उघडली. शेवटची नोंद नीट भरलेली होती, खाली सहीसुद्धा होती. तारीख आदल्या वर्षीच्या पोळ्याच्या आठवड्यातली होती.